पोलादाची मींड

महाराष्ट्रात ज्या घरांत रागसंगीत ऐकलं जातं, त्यांतल्या पुष्कळ घरांत ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका कधी ना कधी वाजलेली आहे. १९६७ सालची ही मुद्रिका. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस अहीर भैरव, नटभैरव, पिलू, भूप, देस आणि पहाडी या रागांतून मांडलेला. संतूर शिवकुमार शर्मांचं आणि बासरी हरिप्रसाद चौरसियांची, हे कुणीही सांगतं. तिसरं वाद्य कोणतं, असं विचारलं की बहुतेकजण जरा थांबतात. कुणी सतार म्हणतं, कुणी सरोद. ते वाद्य गिटार आहे आणि ती वाजवली आहे ब्रिजभूषण काब्रा यांनी.

तिघंही तेव्हा तिशीच्या आसपासचे. पुढच्या वर्षांत संतूर आणि बासरी यांना जगभर मंच मिळाले, त्यांचे शेकडो विद्यार्थी तयार झाले. काब्रा अहमदाबादला राहिले, वाजवत राहिले, शिकवत राहिले आणि २०१८च्या एप्रिलमध्ये गेले. मराठी वृत्तपत्रांत त्यांच्याविषयी फारसं लिहून आलेलं माझ्या वाचनात नाही, आणि हे मला लागून राहिलं आहे. व्हायोलिन सोडलं तर बाहेरून आलेलं दुसरं कोणतंही वाद्य हिंदुस्थानी रागसंगीतात इतकं खोल उतरलेलं नाही, असं माझं मत आहे. ते उतरवण्याचं मूळ काम या माणसाचं.

गिटार म्हटली की डाव्या हाताची बोटं पडद्यांवर दाबणारा वादक डोळ्यांपुढे येतो. ही गिटार तशी नाही. हिला आपल्याकडे हवाईयन गिटार म्हणतात. इतरत्र स्टील गिटार किंवा स्लाइड गिटार. वाद्य मांडीवर आडवं, तारांचं तोंड वर. तारगहन मुद्दाम उंच केलेलं, त्यामुळे तारा पट्टीपासून इतक्या वर उचललेल्या की दाबून पडद्यांना टेकवण्याचा प्रश्नच येत नाही. डाव्या हातात पोलादाची एक गुळगुळीत भरीव कांडी. वादक तिला नुसतं ‘स्टील’ किंवा ‘बार’ म्हणतात. ती तारेवर टेकवायची आणि सरकवायची. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटांत नख्या, त्यांनी तार छेडायची. पडदे उरतात ते केवळ डोळ्यांना खूण म्हणून.

साध्या गिटारवर बोट दोन पडद्यांच्या मध्ये कुठेही पडलं तरी स्वर पडदाच ठरवतो. इथे ती सोय नाही. कांडी खुणेच्या नेमक्या वर आली तर स्वर, केसभर इकडेतिकडे झाली तर बेसूर. आणि दोन तारा एकदम छेडायच्या असतील तर कांडी किंचितही तिरकी चालत नाही. शिवाय कांडीच्या मागे तारेचा जो तुकडा उरतो तोही कंप पावतो आणि त्याचा आवाज मूळ स्वराशी भांडतो. तो मारण्यासाठी डाव्या हाताची मागची बोटं तारांवर हलकी टेकवून ठेवायची आणि कांडीमागून ओढत न्यायची. चांगल्या वादकाचा डावा हात बघताना नजर कांडीवर जाते, पण अर्धी विद्या त्या मागून सरपटणाऱ्या बोटांत असते. नवशिक्याची गिटार किरकिरते ती बहुतेक वेळा तिथेच.

या सगळ्याची सुरुवात गुराढोरांपासून होते. ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हर याने १७९३ साली हवाई बेटांच्या राजाला काही गुरं भेट दिली. ती मोकाट वाढली, इतकी की त्यांना आवरण्यासाठी १८३०च्या दशकात मेक्सिकोच्या बाजूचे गुराखी बोलवावे लागले. ते आपल्याबरोबर गिटार घेऊन आले. बेटांवरच्या लोकांनी ती आपल्या कानाप्रमाणे लावून घेतली, म्हणजे काही तारा सैल करून मोकळ्या तारांतूनच मेळ निघेल अशी. तारा नुसत्या छेडल्या की एक पूर्ण स्वरसंघ ऐकू यायचा. आता त्यांच्यावर एखादी सरळ वस्तू आडवी ठेवून सरकवली तर तो सगळा मेळ एकदम वर चढणार, खाली उतरणार. हा शोध लागणं जणू ठरलेलंच होतं.

तो लावला जोसेफ केकुकू याने, असं हवाईचे लोक मानतात. ओआहू बेटावरच्या लाइए गावात १८७४ साली जन्मलेला हा मुलगा. रेल्वेच्या रुळांवरून चालताना एक बोल्ट उचलला, तो हातातल्या गिटारच्या तारांना लागला आणि कान टवकारले, अशी कथा. होनोलुलूच्या शाळेत असताना त्याने चाकूची पाठ वापरून पाहिली, कंगवा वापरून पाहिला आणि शेवटी शाळेच्या कार्यशाळेत स्वतःसाठी पोलादाची कांडी घडवली.

या कथेला एक भारतीय फाटा आहे. गॅब्रिएल डेव्हियन नावाचा एक तरुण त्या काळात होनोलुलूत होता. तो जन्माने हिंदुस्थानातला. एका जहाजाच्या कप्तानाने त्याला पळवून तिकडे नेलं होतं. त्याने केकुकूच्या आधीच तारेवर कांडी सरकवून दाखवली, असं कित्येक वर्षांनंतरच्या एका आठवणीत नोंदवलेलं आहे. आपल्याकडे हा धागा फार उत्साहाने पकडला जातो, कारण काचेचा बट्टा सरकवून वाजवायची विचित्र वीणा आपल्याकडे होतीच. मला तो उत्साह पटत नाही. एका उशिराच्या आठवणीवर एवढं मोठं घर बांधता येत नाही. आणि केकुकूने त्या कांडीसाठी घालवलेली वर्षं खरी आहेत, ती त्याच्याकडून काढून घेण्यात आपला काही मोठेपणा नाही.

त्यापेक्षा मोठं काही हवाईकडून आधीच काढून घेतलं गेलं होतं. १८९३ साली तिथल्या राणीला, लिलिउओकलानीला, साखरमळ्यांच्या मालकांनी अमेरिकन नौसैनिकांच्या पाठबळावर पदच्युत केलं. १८९६ साली शाळांतून हवाई भाषेची हकालपट्टी झाली. १८९८ साली बेटं अमेरिकेने आपल्याला जोडून घेतली. अनेक वादकांनी घर सोडलं आणि ते मुख्य भूमीवर पोट भरायला गेले. केकुकू १९०४ साली निघाला. पुढे युरोपातही वर्षानुवर्षं वाजवत फिरला आणि १९३२ साली न्यू जर्सीत वारला. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनात हवाईच्या मंडपात लाखो लोकांनी ही गिटार ऐकली आणि साऱ्या अमेरिकेला तिचं वेड लागलं. ज्यांचं राज्य गेलं, ज्यांच्या मुलांना शाळेत आपली भाषा बोलता येईना, त्यांचं वाद्य अमेरिकेच्या दिवाणखान्यांत समुद्रकिनाऱ्याचं आणि सुट्टीचं संगीत म्हणून वाजत होतं. हे वाद्य ऐकताना एवढं तरी ठाऊक असावं.

अमेरिकेत त्याच्या पुढे पुष्कळ वाटा फुटल्या. धातूच्या थाळ्या बसवलेल्या गिटार आल्या, ग्रामीण गोऱ्या गायकांच्या साथीला पायाने कळ दाबायची पेडल स्टील आली, काही कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये तर ती उपासनेचं वाद्य झाली. त्यांतली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. विजेवर चालणारी, बाजारात विकायला आलेली पहिली गिटार ही मांडीवर ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. रिकेनबॅकर आणि बोशाँ यांनी १९३२च्या सुमाराला ती विकायला काढली. आकारामुळे लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणू लागले. कारण उघड आहे. नाचगाण्याच्या वाद्यवृंदात कांडीचा नाजूक स्वर बुडून जात असे, त्याला मोठं करण्याची निकड सगळ्यांत आधी याच वादकांना होती. रॉक संगीतातला सगळा विद्युत गडगडाट ज्या कल्पनेतून निघाला, ती हवाईच्या वादकांच्या गरजेतून आली.

ही गिटार भारतात आली ती बंदरांच्या आणि हॉटेलांच्या वाटेने. हवाईच्या वादकमंडळ्या १९२०च्या दशकापासून आशियाभर फिरत होत्या. त्यांतलं महत्त्वाचं नाव ताऊ मो आणि त्यांची पत्नी रोझ. ताऊ मो हे वाढले लाइएमध्ये, म्हणजे केकुकूच्याच गावात. १९२०च्या दशकाच्या अखेरीस घर सोडून निघालेलं हे कुटुंब अनेक दशकं जग फिरत राहिलं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांचा मुक्काम कलकत्त्यात होता. त्यांच्याकडून शिकलेल्या गार्नी निस यांनी ‘अलोहा बॉइज’ हा वाद्यवृंद काढला, रेडिओवर वाजवलं, तबकड्या काढल्या.

बंगालने हे वाद्य किती चटकन उचललं हे पाहण्यासारखं आहे. कवी नझरुल इस्लाम यांचे पुत्र काझी अनिरुद्ध गिटारवादक झाले. बटुक नंदींनी त्यावर रवींद्रसंगीत वाजवलं, सुनील गांगुलींनी हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्यांमागून तबकड्या काढल्या. गाण्याचे शब्द काढून टाकले तरी गाणाऱ्याचा गळा शिल्लक राहतो, अशी या गिटारची करामत. कलकत्त्याच्या गल्लीबोळांत हवाईयन गिटारचे वर्ग निघाले आणि मध्यमवर्गीय घरांतल्या मुली गाण्याइतक्याच सहजपणे ती शिकू लागल्या.

असं का झालं, याचं उत्तर मींड, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात न तुटता जाणं, या एका गोष्टीत आहे. महाराष्ट्राच्या वाचकाला हे पेटीच्या आधाराने लगेच कळेल. संगीत नाटकांनी पेटीला आणि ऑर्गनला आपलं केलं, गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला स्वतंत्र वाद्याचा मान मिळवून दिला. तरीही आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ साली सैल झाली. आक्षेप हाच, की पेटीचे स्वर सुटेसुटे आणि बांधलेले, एका स्वरातून दुसऱ्यात वाहत जाणं तिला जमत नाही. हवाईयन गिटारला त्याच्या उलट, न वाहणं कठीण. सतारीवर मींड घ्यायची तर तार आडवी ओढावी लागते. ओढून स्वर चढतो आणि चार-पाच स्वरांपलीकडे तार आणि बोट दोन्ही दमतात. सरोदिया नखाने गुळगुळीत पट्टीवर घसरतो, पण छेडलेला स्वर लवकर विरतो. पोलादाची कांडी मात्र तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जाऊ शकते, आणि त्या सगळ्या प्रवासात आवाज टिकून राहतो.

आपल्याकडे हे तत्त्व नवं नव्हतं. पतियाळाचे अब्दुल अझीझ खाँ यांनी विचित्र वीणेवर काचेच्या बट्ट्याने खयाल अंगाचं वादन मैफलीत आणलं होतं. दक्षिणेत गोट्टुवाद्यम होतं, आणि ते नावारूपाला आणणाऱ्यांत तंजावर मुलुखातल्या तिरुविडैमरुदूरचे सखाराम राव अग्रभागी. भोसल्यांच्या तंजावरची ही दूरची खूण मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. पण ही वाद्यं अवजड, आवाजाने लहान आणि शिकवणारे विरळा. गिटार दुकानात मिळत होती.

ब्रिजभूषण काब्रा यांचा जन्म १९३७ सालचा, जोधपूरचा. वडील गोवर्धनलाल सतारिये इनायत खाँ यांच्याकडे शिकलेले, थोरले बंधू दामोदरलाल अली अकबर खाँ यांचे शिष्य आणि सरोदवादक. अशा घरात धाकट्याने गिटार आणली. वडिलांना ती रुचणं शक्य नव्हतं. नाचगाण्याचं, हॉटेलातलं वाद्य. यावर शास्त्रीय संगीतच वाजवीन, दुसरं काही नाही, असा शब्द ब्रिजभूषणांनी वडिलांना दिला. पुढे तेही अली अकबर खाँ यांच्याकडे शिकले.

त्या शब्दाचा अर्थ काय होता हे नीट पाहायला हवं. त्यांच्या हातातली गिटार म्हणजे गिब्सन कंपनीची सुपर ४००, जॅझच्या वाद्यवृंदांसाठी बनवलेली भलीथोरली गिटार. तारगहन उंच करून आणि सुरासाठी एक तार जोडून त्यांनी ती रागाला लावली. गिटारची सगळी श्रीमंती स्वरसंघांत असते, आणि तीच त्यांनी सोडून दिली. एका वेळी एक स्वर, आणि त्या स्वराच्या आत काय आहे ते शोधणं, एवढंच ठेवलं. हवाईयन ढंगात प्रत्येक स्वरावर कांडी थरथरवायची सवय असते, त्यातून तो गोड कापरा आवाज येतो. काब्रांच्या आलापीत स्वर स्थिर उभा राहतो. आंदोलन लागतं तिथेच येतं, दरबारीच्या गंधारावर येईल तसं, आणि त्या रागाच्या हिशेबाने येतं. कांडी षड्जाकडून निघते तेव्हा वाटेतल्या श्रुती ऐकू याव्यात इतकी सावकाश निघते. ज्यांनी ख्याल गायकी मन लावून ऐकली आहे, त्यांना हा आलाप ऐकताना श्वास कुठे घेतला जातो तेसुद्धा कळतं.

या वाद्यावर काय जमत नाही, तेही सांगितलं पाहिजे. मुरकी, खटका, अतिद्रुत तान यांत कांडीला तारेवरून उचलून पुन्हा नेमकं बसवावं लागतं आणि प्रत्येक उडीत बेसूर होण्याचा धोका असतो. बोटाने तार ठोकून स्वर काढण्याची, तिला जागीच ओढण्याची सोय नाही. काब्रांनी या मर्यादांशी झटापट करण्यापेक्षा विलंबिताला वेळ दिला. त्यांच्या नंतरच्या पिढीने वेगाचा प्रश्न पुष्कळ सोडवला, इतका की आज गिटारवर सरोदाइतकी लखलखीत तान ऐकू येते. तरी मी परत परत काब्रांच्या संथ आलापाकडे जातो. वाद्याच्या स्वभावाला जे सर्वांत जवळचं, ते तिथे आहे.

आता त्या १९६७च्या मुद्रिकेमागे उभ्या असलेल्या मराठी माणसाकडे येऊ. तिची कल्पना आणि निर्मिती जी. एन. जोशी यांची. हे जोशी म्हणजे ना. घ. देशपांडे यांच्या ‘रानारानांत गेली बाई शीळ’ या कवितेला घराघरांत पोचवणारे गायक, मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतले. वकिलीचं शिक्षण घेतलेला हा माणूस पुढे एचएमव्ही कंपनीत गेला आणि मुंबईच्या स्टुडिओत कित्येक दशकांचं हिंदुस्थानी संगीत त्याच्या देखरेखीखाली ध्वनिमुद्रित झालं. ‘स्वरगंगेच्या तीरी’ या आठवणींच्या पुस्तकामुळे वाचकांना ते ओळखीचे आहेत.

एका मेंढपाळाचा दिवस तीन वाद्यांनी सांगायचा, ही जोशींची योजना आणि त्या तिघांत गिटारला जागा देणं, हा त्यांचा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. १९६७ साली संतूरसुद्धा मैफलीत नवखंच होतं, त्याच्या स्वरांना मींड नाही अशी तक्रार होती. संतूरच्या तुटक, थेंबासारख्या स्वरांच्या बाजूला गिटारची न तुटणारी रेघ ठेवली की दोन्ही एकमेकांना पूर्ण करतात. बासरीला श्वास घ्यावा लागतो; गिटार तिचा सूर पुढे नेऊ शकते. तबल्यावर माणिकराव पोपटकर. भावगीताच्या तीन मिनिटांत एक आख्खी भावना बसवायला शिकलेल्या गायकानेच ही आखणी करावी, यात मला एक सरळ संगती दिसते. ज्यांनी कधी रागसंगीत ऐकलं नव्हतं अशा देशोदेशीच्या लोकांपर्यंत ही मुद्रिका पोचली.

काब्रांच्या पाठोपाठ आलेले जयपूरचे विश्वमोहन भट्ट यांचं नाव मात्र आज सर्वांना ठाऊक आहे. ते पंडित रविशंकर यांचे शिष्य. त्यांनी गिटारला चिकारीच्या आणि तरफेच्या तारा जोडल्या आणि त्या वाद्याला मोहनवीणा म्हटलं. १९९२ साली कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या एका चॅपेलात त्यांनी अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्याबरोबर ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ ध्वनिमुद्रित केलं. त्याला १९९४ साली ग्रॅमी मिळालं. दोघांची ओळख वाजवायला बसण्याच्या जेमतेम थोडं आधी झाली होती. कूडर यांची स्लाइड वेगळ्या कुळातली. मिसिसिपीच्या कापूसमळ्यांतले कृष्णवर्णीय गायक चाकू किंवा बाटलीची मान तारेवर सरकवून वाजवत, त्या परंपरेतली. संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९०३च्या सुमाराला टटवायलर नावाच्या स्टेशनवर अशा एका अनाम वादकाला ऐकल्याचं लिहून ठेवलं आहे, आणि हा वादनप्रकार हवाईच्या वादकांनी लोकप्रिय केल्याचंही त्यांनीच म्हटलं आहे. या मुद्रिकेत चारच रचना आहेत. शेवटची ‘इसा लेई’, म्हणजे फिजी बेटांवरचं निरोपाचं गाणं. जयपूर आणि मिसिसिपीच्या हातांनी शेवटी पॅसिफिक महासागरातलं गाणं वाजवलं.

काब्रांचे शिष्य कलकत्त्याचे देबाशीष भट्टाचार्य यांनी चतुरंगी, गांधर्वी आणि आनंदी अशा तीन गिटार स्वतः घडवून घेतल्या. त्यांचा हात विलक्षण तयार आहे. पण तरफांविषयी माझं मत सांगून ठेवतो. तरफा लावल्या की प्रत्येक स्वरामागे झंकाराचं धुकं उभं राहतं, वाद्य श्रीमंत होतं, सरोद-सतारीच्या पंगतीत मानाने बसतं. त्या धुक्यात कांडीच्या अगदी बारीक हालचाली थोड्या झाकल्या जातात. काब्रांच्या जवळजवळ उघड्या तारांवर काहीच झाकलं जात नाही.

या वाद्याची दुसरी भारतीय शाखा मुंबईची, चित्रपटांची. तिथे लखनौचे व्हॅन शिपली होते. ते व्हायोलिनही वाजवत आणि आठ तारांची विजेवरची गिटार त्यांनी स्वतः आखली होती. पुण्याचे अकॉर्डियनवादक एनॉक डॅनियल्स यांच्याबरोबर त्यांनी चित्रपटगीतांच्या तबकड्या काढल्या, आणि विजेवरची गिटार म्हणजे काय हे लग्नमंडपांत आणि इराण्याच्या हॉटेलांत पुष्कळांना पहिल्यांदा त्यांच्यामुळे कळलं. हजारा सिंग होते. पन्नास-साठच्या दशकांतल्या हिंदी गाण्यांत चांदणं, होडी, समुद्र, डोंगर आला की दोन ओळींच्या मध्ये एक घसरती तार ऐकू येते. ती या लोकांची. शास्त्रीय मंचावरच्या मंडळींना ही शाखा हलकी वाटत आली आहे, पण तीन-चार सेकंदांच्या तुकड्यात नेमका सूर, नेमका भाव आणि पहिल्याच टेकला, ही सोपी विद्या नव्हे.

तबकडीवर गायकाचं नाव असे, संगीतकाराचं असे. गिटार कोणाची, हे छापलं जात नसे. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने मुंबईच्या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली पुस्तक काढलं, त्यातून बरंच काही हाती आलं. मराठीत असं काम अजून व्हायचं आहे. ते करायला लागणारी माणसं मुंबई-पुण्यातच आहेत: त्या वादकांची मुलं, त्यांचे साथीदार, सिने म्युझिशियन्स असोसिएशनची कागदपत्रं, आणि ज्यांच्या माळ्यावर व्हॅन शिपलींच्या ईपी अजून पडलेल्या आहेत अशी घरं. कोणत्या गाण्यात कोणाची गिटार, एवढी साधी यादी जरी गाणं-दर-गाणं तयार झाली, तरी पुढच्या अभ्यासकाला अंदाजांवर लिहावं लागणार नाही.